डॅनबरीच्या प्रेक्षकांचं काय?

हरलेल्या संघांचा या सदराला कळवळा आहे, हे नेहमीचे वाचक जाणतात. म्हणूनच ‘डॅनबरी ट्रॅशर्स’ या आइस हॉकी संघाचं नाव निघालं की लोक फक्त मारामाऱ्या आणि माफियाबद्दल बोलतात, याची चीड येते. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर माहितीपट आला, तेव्हापासून तर हे वाढलंच आहे.

हकीकत थोडक्यात अशी. डॅनबरी हे अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातलं, एकेकाळी टोप्यांच्या कारखान्यांसाठी गाजलेलं शहर. कचरा वाहतुकीतले बडे व्यावसायिक जेम्स गॅलांटे यांनी २००४ मध्ये युनायटेड हॉकी लीगमध्ये संघ उतरवला आणि कारभार सोपवला सतरा वर्षांच्या मुलाकडे, ए. जे.कडे. बोधचिन्ह होतं रागावलेल्या कचरापेटीचं.

पोरानं दांडगे खेळाडू जमवले, हे खरंच. पण नुसते दांडगेच नव्हेत. त्या हंगामात एनएचएल ही आइस हॉकीतली सर्वोच्च लीग मालकांनी पुकारलेल्या टाळेबंदीमुळे ठप्प होती, म्हणून तिथले खेळाडू मोकळे होते. २००३ मध्ये एनएचएलच्या करंडकाचा, म्हणजे स्टॅनले कपचा, निर्णायक गोल करणारा माइक रप डॅनबरीत येऊन खेळला. स्टेडियमच्या ‘सेक्शन १०२’मधले प्रेक्षक तर प्रतिस्पर्ध्यांना नकोसं करून सोडत.

आता वेतनमर्यादेबद्दल, कारण खरं दुखणं तिथेच आहे. छोट्या लीगमध्ये पगार मुख्यतः तिकीटविक्रीवर निघतो. एकाच धनवानानं सगळे चांगले खेळाडू उचलले तर बाकीचे संघ जगणार कसे? म्हणून लीगनं हंगामाला सुमारे पावणेतीन लाख डॉलरची मर्यादा घातली होती. ट्रॅशर्सनं ती धाब्यावर बसवली. खेळाडूंना, काहींच्या बायकांनाही, गॅलांटेंच्या कचरा कंपन्यांत कागदोपत्री नोकऱ्या दाखवून पैसे दिले. याला हुशारी म्हणणाऱ्यांनी समोरच्या, नियम पाळणाऱ्या संघांचाही विचार करावा.

२००६ मध्ये संघ अंतिम फेरीत पोचला आणि कॅलामझूकडून हरला. त्याच जूनमध्ये कचऱ्याच्या धंद्यातल्या संगनमताबद्दल गॅलांटेंवर आरोपपत्र आलं. वेतनमर्यादेची फसवणूकही त्यात होती. संघ दोन हंगामांत संपला. २००८ मध्ये गॅलांटेंनी गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली ८७ महिन्यांची.

मालकाच्या गुन्ह्याची शिक्षा मालकाला मिळाली, ते योग्यच. पण तिकीट काढून येणाऱ्यांनी काय केलं होतं? संघ एकाच माणसाच्या खिशावर उभा राहू देणारी लीगही तितकीच जबाबदार आहे. मालकाचा पैसा कुठून येतो, हे तिनं आधी तपासायला हवं.

डॅनबरीकर मात्र हॉकीला विसरले नाहीत. २०१९ पासून त्याच बर्फावर ‘डॅनबरी हॅट ट्रिक्स’ खेळतात आणि २०२३ मध्ये त्यांनी आपल्या लीगचं विजेतेपद पटकावलं.