संचालकपद आणि पायउतार होण्याचा विवेक

फ्रान्सिस कॉलिन्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे संचालकपद डिसेंबर २०२१ मध्ये सोडले. ही संस्था म्हणजे स्वतः वैद्यकीय संशोधन करणाऱ्या आणि देशभरच्या संशोधकांना सरकारी पैसा पुरवणाऱ्या २७ संस्था व केंद्रांचा समूह. त्यावरचा पूर्वपक्ष असा की, ऐन कोविडच्या साथीत बारा वर्षांच्या अनुभवी माणसाने पायउतार होणे म्हणजे जबाबदारीला पाठ दाखवणे होय. संस्थेचा वार्षिक निधी सुमारे ३० अब्ज डॉलरवरून ४१ अब्जांवर गेला तो त्यांच्याच कारकिर्दीत, आणि त्यांच्या जागी मोनिका बर्टाग्नोली येईपर्यंत नोव्हेंबर २०२३ उजाडला, यातच नुकसान सिद्ध होते.

यातला शेवटचा पुरावा मात्र भलत्याच माणसावर रोखलेला आहे. कॉलिन्स यांनी आपला निर्णय ऑक्टोबरमध्येच जाहीर केला होता आणि २०१० पासून उपसंचालक असलेल्या लॉरेन्स टॅबॅक यांनी हंगामी कारभार सांभाळला. राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवायचे व सिनेटने त्याला संमती द्यायची, या वाटेवर गेलेल्या महिन्यांचा हिशेब जाणाऱ्याकडे मागणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय. हंगामी प्रमुखाला दीर्घ पल्ल्याचे निर्णय घेणे अवघड जाते, हे खरेच. पण एवढ्यावरून पद सोडू नये असे ठरवले, तर ते कधीच सोडता येणार नाही.

अनुभवाचा मुद्दा अधिक खोल आहे. कोणत्या प्रस्तावाला अनुदान मिळावे याची छाननी तेथे प्रामुख्याने बाहेरचे शास्त्रज्ञ करतात, तिला समकक्ष-परीक्षण म्हणतात. त्यामुळे संचालक आपल्या मर्जीतल्यांना पैसे वाटतो, असा आरोप सरसकट करता येत नाही. परंतु कोणते प्रश्न आधी हाती घ्यायचे, कोणता नवा कार्यक्रम उभारायचा, हे ठरवताना त्याचा कल निर्णायक ठरतो, आणि एकच कल दशकानुदशके चालला की तो कल आहे याचेच भान हरपते. याच समूहातील ॲलर्जी व संसर्गजन्य रोगांच्या संस्थेचे संचालकपद अँथनी फाउची यांच्याकडे १९८४ पासून २०२२ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षे होते; एड्सच्या संशोधनातील त्यांचे काम निर्विवाद, तरीही १९८४ साली संशोधनात पाऊल टाकलेला तरुण निवृत्तीला टेकला तेव्हाही दिशा दाखवणारा माणूस तोच होता. २०१६ च्या कायद्याने अशा बहुतेक संचालकांना पाच वर्षांची मुदत लावली खरी, पण फेरनेमणुकीवर मर्यादा घातली नाही: दार लोटले, कडी तेवढी राहिली.

मुदतीची सक्ती सत्ताधाऱ्यांच्या हातात कोलीत देते, ही शंका मात्र रास्त आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे संचालक पी. वेणुगोपाल यांना २००७ मध्ये वयोमर्यादेची कायदादुरुस्ती करून हटवण्यात आले, आणि ती दुरुस्ती एकाच व्यक्तीवर नेम धरून केलेली असल्याने सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्द ठरवली. त्यातून निघते ते एवढेच की, मुदत आधी ठरलेली आणि सर्वांना सारखी असावी. संचालक नको झाल्यावर शोधलेली मुदत ही मुदत नव्हेच.

अशी मुदत नसताना कॉलिन्स यांनी ती स्वतःला लावून घेतली, आणि एकाच माणसाने फार काळ त्या पदावर राहू नये हेच कारण दिले. पुढे २०२२ मध्ये ते काही महिने राष्ट्राध्यक्षांचे हंगामी विज्ञान सल्लागार झाले, त्यावर कोणी नाक मुरडले तर ते समजण्यासारखे आहे. पण परतण्याची जागा त्यांनी राखली होती ती प्रयोगशाळेची. लहान मुलांना अकाली वार्धक्य आणणाऱ्या प्रोजेरिया या दुर्मीळ विकाराचे मूळ असलेला जनुकीय बदल त्यांच्या गटाने २००३ मध्ये शोधला होता, आणि त्यावरच्या पहिल्या औषधाला मान्यता मिळायला २०२० उजाडले. ही प्रयोगशाळा ज्या जनुकसंच संस्थेत होती, तिचे संचालकपद त्यांनी १९९३ ते २००८ सांभाळले होते. आता तेथे संचालक दुसरे होते आणि कॉलिन्स त्यांच्या हाताखालचे एक संशोधक.