रिकामा रकाना आणि शून्य

कीड सर्वेक्षणाच्या नोंदींसाठी स्वतःची संगणकप्रणाली घडवणे आता विस्तार कार्यकर्त्यांच्याही आवाक्यात आले आहे. मुंबईत विकसित झालेली ‘फ्रॅपे’ ही मुक्तस्रोत चौकट याचे उत्तम उदाहरण होय. नवख्याने केवळ रकाने ठरवायचे. अर्ज, यादी व माहितीसाठा चौकट स्वतःच उभारते. परवाना शुल्कही नाही.

मात्र या सुलभतेत एक धोका दडलेला आहे. पूर्णांकाचा रकाना रिकामा ठेवल्यास तेथे शून्याची नोंद होते. कपाशीतील कामगंध सापळ्यांत सलग ३ रात्री प्रति सापळा ८ पतंग आढळणे, ही गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसान पातळी मानली जाते. सापळा तपासलाच नाही आणि तपासूनही पतंग आढळला नाही, या दोन्ही नोंदी सारख्याच दिसू लागल्या, तर इशारा वेळेवर निघणार कसा?

म्हणूनच ‘सापळा तपासला का?’ असा स्वतंत्र, अनिवार्य रकाना हवा. मुक्तस्रोत चौकटीत ही सुधारणा कोणाच्या परवानगीवाचून करता येते. ती सुचण्यासाठी मात्र शेतातील अनुभव लागतो. अशा प्रणालींची आखणी केवळ संगणकतज्ज्ञांवर सोपवू नये, ती याचसाठी.