काचेआडचे ऊन

बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी असा साधारण पूर्वेकडे जातो. आपल्याकडे चालक उजव्या हाताला बसतो. त्यामुळे या वाटेवर त्याची खिडकी दक्षिणेला येते. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि नेमका तोच उसाच्या गाळपाचा हंगाम. एसटीचा चालक असो की ट्रकचा, जातानाचे ऊन त्याच्या उजव्या गालावर, कानावर आणि दंडावर पडते. परतीचे ऊन क्लीनरच्या वाट्याला. काच वर केली की धूळ थांबते, कातडी भाजत नाही, आणि मग आपण उन्हात नाहीच अशी समजूत होते. ही समजूत चुकीची आहे.

सूर्याच्या अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. 'बी' किरण कातडी भाजतात. साधी काच ते जवळजवळ सगळे अडवते. 'ए' किरण मात्र तिच्यातून बऱ्याच प्रमाणात आत येतात. ते कातडीत खोलवर जातात, तिला ताण देणारे धागे हळूहळू झिजवतात आणि डाग गडद करतात. दुखत काहीच नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे कळतही नाही. गाडीची पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असलेली असते. ती हे किरण बहुतेक रोखते. बाजूची काच एकपदरी, तिचा भरवसा नाही.

अमेरिकेच्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने २०१२ साली एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र छापले होते. त्याने २८ वर्षे मालाची गाडी चालवली होती. तिकडे चालक डावीकडे बसतो. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू जाड, खोल सुरकुत्यांची झाली होती. उजवी बाजू पाहिली तर तो कितीतरी तरुण वाटावा.

आपल्या सावळ्या कातडीतील रंगद्रव्य बरेच संरक्षण देते, त्यामुळे त्वचेच्या कर्करोगाची फार धास्ती बाळगण्याचे कारण नाही. पण हेच रंगद्रव्य उन्हाने उफाळते आणि वांग वाढतो. उजेडासाठी शिलाई मशीन खिडकीशी मांडणाऱ्या बाईला हे सांगितले तर ती म्हणते, ''मी तर घरातच असते!'' मग कोणीतरी सुचवलेली ट्यूब आणली जाते. अशा अनेक ट्यूबांत स्टेरॉइड असते. चेहरा पंधरा दिवस उजळतो, पुढे कातडी पातळ होते, लाली आणि पुटकुळ्या येतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही शेजारणीची ट्यूब आपल्या तोंडाला लावण्याची हौस काही जात नाही.

काही गोळ्यांनीही 'ए' किरणांचा त्रास वाढतो. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक आणि रक्तदाबासाठी दिले जाणारे हायड्रोक्लोरोथायझाइड ही त्यांतली दोन. ती चालू असताना एकाच बाजूला लाली किंवा पुरळ आले तर गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना दाखवावे.

आता उलट बाजू. कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार होते ते 'बी' किरणांमुळे, आणि काच अडवते तेही हेच किरण. बाळाला वारा लागू नये म्हणून बंद खिडकीशी कोवळ्या उन्हात ठेवले तर ऊब मिळेल, 'ड' जीवनसत्त्व मिळणार नाही. मुडदूस टाळण्यासाठी बाळाला डॉक्टर थेंब देतात, ते ऊन दाखवतो म्हणून बंद करू नयेत. व्हरांड्याला काचा लावून आत ऊन खात बसणाऱ्या आजोबांचीही तीच गत. त्यांनी काच उघडावी किंवा थोडा वेळ अंगणात बसावे.

चालकांसाठी उपाय साधे आहेत. पूर्ण बाहीचा सुती सदरा, कानापर्यंत घेतलेला गमछा. मलम घ्यायचे तर नुसता एसपीएफचा आकडा पाहू नये, तो मुख्यतः 'बी' किरणांचा असतो. 'ए' किरणांसाठी 'पीए' ही खूण पाहावी आणि गाडीत बसण्यापूर्वी उजव्या दंडालाही लावावे. काच काळी करून घेण्याने काम होईलच असे नाही. उजेड अडणे वेगळे आणि अतिनील किरण अडणे वेगळे. शिवाय बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के उजेड आत यावा असा नियम आहे, आणि तो रास्तच आहे.

पण हा सगळा भार चालकाच्या खिशावर का? नितळ असूनही 'ए' किरण अडवणारी काच बनते. एसटी महामंडळाने आणि कारखान्यांनी नव्या गाड्या घेताना चालकाच्या बाजूला तीच मागावी. रस्ता सुरक्षा सप्ताहात चालकांचे डोळे तपासतात, त्याच रांगेत उजवा गाल आणि उजवा हात पाहायला किती वेळ लागतो? भरणारा न व्रण, रंग बदलणारा तीळ किंवा खरखरीत चट्टा तिथेच दिसेल आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे वेळेत पाठवता येईल.