तोंडाला साबण लावला की तोल का जातो?

गेल्या महिन्यात सत्तरीचे एक गृहस्थ सुनेबरोबर दवाखान्यात आले. न्हाणीघरात पडून कोपर खरचटले होते. "चक्कर आली डॉक्टर. एक सलाईन लावा, ताकद येईल," असे निदान आणि उपचार दोन्ही त्यांनीच सांगून टाकले. मी विचारले, "घर फिरल्यासारखे वाटते का? डोळ्यांपुढे अंधारी येते का?" दोन्ही नाही. "मग होते काय?" "तोंडाला साबण लावला की झोक जातो. रात्री वीज गेली तरी तसेच. दिवसा मात्र मी बाजार करून येतो!"

निदान या शेवटच्या तीन वाक्यांत होते.

वाचकहो, तोल सांभाळणे हे एकट्या कानाचे किंवा एकट्या डोळ्यांचे काम नव्हे. मेंदूला तीन ठिकाणांहून खबर जाते. डोळे आजूबाजूचे सांगतात, अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका डोके कसे हलले ते सांगतात, आणि तळपाय व सांधे पायाखालच्या जमिनीची बातमी देतात. मेंदू तिन्ही बातम्या क्षणोक्षणी जुळवून पाहतो. त्या जुळल्या नाहीत की काय होते, हे घाटात एसटीत बसून पेपर वाचणाऱ्याला सांगायला नको! एक खबर हळूहळू मंदावली, तर मेंदू बाकीच्यांवर, विशेषतः डोळ्यांवर, भिस्त ठेवतो. हे इतके बेमालूम घडते की माणसाला पत्ताही लागत नाही. डोळे मिटले की मात्र पितळ उघडे पडते.

या आजोबांना पंधरा वर्षांचा मधुमेह. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, गादीवर चालल्यासारखे वाटते, हे विचारल्यावर सांगितले. पाय जुळवून उभे केले, तर ठीक. डोळे मिटायला सांगताच ते डुलू लागले; मी हात धरूनच होतो. (घरी कोणी हे एकट्याने करून पाहू नये.) एकोणिसाव्या शतकातले बर्लिनचे डॉक्टर रोम्बर्ग यांच्या नावाने ही तपासणी आजही ओळखली जाते. तिला ना यंत्र लागते, ना पैसा.

तरीही आपल्याकडे पडलेल्या म्हाताऱ्याला चकरेची गोळी मिळते. माझे स्पष्ट मत आहे, यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे. विचारायला वेळ लागतो, गोळी लिहायला लागत नाही. या गोळ्यांपैकी बऱ्याच गुंगी आणतात, म्हणजे तोल आणखीच बिघडतो. मधुमेह्याला ताकदीसाठी ग्लुकोजची बाटली लावण्याबद्दल तर न बोललेले बरे. त्यापेक्षा तळपाय तपासावेत, साखर आटोक्यात आणावी, बी-१२ जीवनसत्त्व पाहावे. मेटफॉर्मिनच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकते. मोतीबिंदू 'पिकण्याची' वाट पाहू नये. ज्याचे पाय मुके झाले, त्याचे डोळेच पाय असतात. अंघोळ स्टुलावर बसून करावी, भिंतीला धरायला दांडी बसवावी आणि रात्री संडासच्या वाटेवर दिवा ठेवावा.

दिव्याचे नाव काढताच सूनबाई म्हणाल्या, "मी लावते, पण हेच उठून बंद करतात. बिल येते म्हणतात." मी कागदावर हिशेब मांडला. अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा रात्रीचे दहा तास जाळला, तर महिन्याला पाव युनिटही होत नाही. आजोबांनी चष्मा लावून आकडेमोड दोनदा तपासली आणि कागद घडी करून खिशात ठेवला.