नोकरी गेली? आधी घरी सांगा!

आपल्या कॉलेजच्या मेन बिल्डिंगमध्ये शिरलं की प्लेसमेंटचा भलामोठा फ्लेक्स दिसतो. टाय लावलेले फोटो, खाली कंपनीचं नाव आणि पॅकेज. फर्स्ट इयरला असताना आपण सगळेच तिथे उभे राहून आपला फोटो कुठे बसेल याचा अंदाज घेतो. नोकरी कशी मिळवायची हे इथे चार वर्षं शिकवतात. अ‍ॅप्टिट्यूड, जी.डी., मॉक इंटरव्ह्यू, अगदी टायची गाठ कशी मारायची इथपर्यंत! पण मिळालेली नोकरी गेली तर काय करायचं? त्यावर एक लेक्चरही नाही. विषयच अपशकुनी ना! लग्नाच्या मांडवात घटस्फोटाची गोष्ट कोण काढणार?

मी काढतोय. कारण २०२१च्या बॅचच्या फ्लेक्सवर एक फोटो माझ्या दादाचा होता.

सप्टेंबर २०२३ची गोष्ट. मी नुकताच फर्स्ट इयरला आलो होतो आणि वाकडला दादाच्या फ्लॅटवर राहत होतो. दादा रोज नऊला डबा घेऊन हिंजवडीला जायचा, सातला परत यायचा. एका सकाळी त्याची बॅग वाटेत होती म्हणून मी उचलली, तर एकदम हलकी. आत डबा, पाण्याची बाटली आणि छत्री. मी म्हटलं, "दादा, लॅपटॉप विसरलास की!" तो काहीच बोलला नाही. बूट घालता घालता तिथंच खाली बसला.

लॅपटॉप कंपनीनं जमा करून घेतला होता. सतरा दिवसांपूर्वी! हे सतरा दिवस दादा कधी सारसबागेत, कधी पुणे स्टेशनच्या बाकावर बसून दिवस काढत होता. एक तारखेला घरी नेहमीसारखे दहा हजार पाठवले होते, तेही मित्राकडून उसने घेऊन.

त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालंय. नोकरी गेल्यावरचं पहिलं काम म्हणजे नवा रिझ्युमे करणं नाही. पहिलं काम, त्याच दिवशी घरी सांगणं.

यावर मित्र म्हणतात, "घरच्यांना कशाला उगाच टेन्शन?" दादाचंही हेच म्हणणं होतं. पण गंमत बघा, आमचे बाबा गावाकडे घराच्या स्लॅबसाठी कर्ज काढायच्या तयारीत होते. हप्ता दादाच्या पगारातून जाणार होता. कागदांवर सह्या पुढच्या सोमवारी व्हायच्या होत्या! म्हणजे दादा ज्यांचं टेन्शन वाचवत होता, तेच त्याच्या गप्प बसण्यामुळे कर्जात अडकणार होते. आपल्या नोकरीवर घरातले लोक त्यांचे निर्णय उभे करत असतात. नोकरी गेली हे आपण लपवलं, तर ते चुकीच्या माहितीवर निर्णय घेतात. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर इनपुटच खोटं, मग आउटपुट बरोबर कुठून येणार?

दादानं त्याच रात्री फोन लावला. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. बाबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आरं, आदी का न्हाई सांगितलंस? तिकडं एकटा काय करत बसलायस? ये दोन दिस गावाकडं." आईनं फोन घेतला आणि एवढंच विचारलं, "मग डबा कुठं बसून खात होतास?" दादा सतरा दिवसांत पहिल्यांदा रडला.

गावी गेल्यावर बाबांनी आजोबांची गोष्ट काढली. आजोबा मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातले कितीतरी पुन्हा कामावर गेलेच नाहीत. आमचे आजोबाही त्यातलेच. घराचे हाल झाले, ते बाबांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिले. पण एक गोष्ट आजोबांना करावी लागली नाही, ती म्हणजे नोकरी गेल्याचं लपवणं. सगळ्या चाळीचीच नोकरी गेली होती, लपवणार कोणापासून? लोक एकमेकांना उसनं धान्य द्यायचे, कुठे काम आहे ते सांगायचे.

आता तसं नाही. जानेवारी २०२३ मध्ये गुगलनं १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टनं १० हजार माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनंही सुमारे १२ हजारांचा आकडा सांगितला. आकडे हजारांत, पण प्रत्येकाला निरोप एकेकट्याला. बंद खोलीत मीटिंग किंवा एक मेल. त्यामुळे प्रत्येकाला वाटतं, मीच नापास झालो. खरं तर तीच मीटिंग शेजारच्या खोलीत आणखी कोणाची तरी चाललेली असते. ही लाज एकटेपणातून येते, आणि बोललं की निम्मी कमी होते, हे मी घरात पाहिलंय.

दुसरं काम : त्या खोलीत, त्याच क्षणी सही करायची नाही. दादाला सांगण्यात आलं, "तू राजीनामा दे, रेकॉर्ड क्लीन राहील. नाहीतर टर्मिनेट करावं लागेल." वीस मिनिटांत त्यानं सही करून टाकली. आता फरक समजून घ्या. त्या वेळच्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला छाटणीआधी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यातही ही तरतूद आहे. इंजिनिअर या ‘कामगार’ व्याख्येत बसतो की नाही, हे हुद्द्यापेक्षा तो प्रत्यक्षात काय काम करतो यावर ठरतं. पण स्वतःहून राजीनामा दिला, की छाटणी झालीच नाही! मग भरपाई कसली? म्हणून "मला कागद वाचायला एक दिवस द्या" एवढं वाक्य पाठ करा. राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळाला पाहिजे, असं नवी वेतन संहिता सांगते. आणि हो, आई-बाबांचा मेडिक्लेम कंपनीच्या पॉलिसीत असेल तर तो कधी संपतो ते तिथंच विचारा. रिलीव्हिंग लेटरही मागून घ्या.

रागाच्या भरात बॉसला मेल, लिंक्डइनवर शिव्या, कंपनीचा कोड पेन ड्राइव्हवर... यातलं काही करू नका. पहिल्या दोघांनी हसं होतं, तिसऱ्यानं केस होते.

तिसरं काम : इंटरव्ह्यूमध्ये खरं बोलणं. पी.एफ.च्या नोंदीत कुठल्या तारखेपर्यंत नोकरी होती ते दिसतं, त्यामुळे खोटं फार दिवस टिकत नाही. "प्रोजेक्ट बंद झाला, टीम कमी केली, त्यात मी होतो." दोन वाक्यं, बस्स. नंतर आपल्या कामाबद्दल बोला. आणि चूक खरंच आपली असेल तर? तेही होतं. डेडलाइन चुकतात, मन लागत नाही. तेव्हा निदान स्वतःशी कबूल करा आणि कुठे कमी पडलो ते एखाद्या सीनिअरला स्पष्ट विचारा. के.टी. लागल्यावर आपण पेपर कुठे गेला ते बघतोच ना?

असं काही झालं की कोणीतरी हमखास स्टीव्ह जॉब्स काढतो. १९८५ साली मॅकिंटॉशच्या कामातून बाजूला केल्यावर त्यानं अ‍ॅपल सोडली आणि १९९७ साली तो दिमाखात परत आला, वगैरे. गोष्ट खरी आहे हो, पण त्याच्याकडे विकायला अ‍ॅपलचे शेअर होते, आमच्या दादाकडे दोन महिन्यांचं भाडं होतं. आपल्याला जग बदलायचं नसतं, पुढचा महिना काढायचा असतो. दादाला पाच महिन्यांनी भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत नोकरी मिळाली. पगार आधीपेक्षा कमी. स्लॅब अजून पडलेला नाही. पण मित्राचे पैसे फिटले, आणि दादाच्या बॅगेत पुन्हा लॅपटॉप आहे.

शेवटी प्लेसमेंट सेलला एक नम्र विनंती. वर्षातून एकदा, ज्यांची नोकरी गेली आणि जे त्यातून सावरले, अशा आपल्याच दोन-तीन माजी विद्यार्थ्यांना बोलवा. टाय नसला तरी चालेल. आणि मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली, तर बागेत जाऊन बसू नका. घरी फोन करा. घरी जमत नसेल तर हॉस्टेलच्या रूममेटला करा. नोकरी गेली तर दुसरी शोधता येते, पण ते दिवस एकट्यानं काढू नका.