बीडमधील बिऱ्हाडे आणि अकरा महिने

बार्शी नाका असो वा जालना रोड, बीड शहरात दोन खोल्या भाड्याने मागावयास गेलेल्या शिक्षकास घरमालक प्रथम एकच अट ऐकवितो : करार अकरा महिन्यांचा. यातील इंगित उघड सांगितले पाहिजे. मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा चाले; २००० साली त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याने घेतली. त्यात भाडेकरूच्या भाड्यास वर्षाला साधारणतः ४ टक्के वाढीची मर्यादा आहे. 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहणाऱ्यास ती नाही. म्हणून मुदत सरताच मालक सांगेल तो आकडा खरा!

मात्र अकरा महिन्यांचा करारही लेखी व नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी मालकाची, असे कलम ५५ बजावते. नोंदणी नसेल, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत अटींविषयी राहणाऱ्याचेच म्हणणे ग्राह्य. हे किती बिऱ्हाडकरूंस ठाऊक आहे?

घर बळकावले जाईल ही मालकाची भीती आम्हांस खोटी वाटत नाही. पुष्कळदा तो स्वतः निवृत्त नोकरच असतो. परंतु मुदत संपताच ताबा मिळविण्याची तरतूद याच कायद्यात आहे. मग तीन वर्षांचा करार नोंदवून वार्षिक वाढ आधीच लिहून देण्यास त्याने का कचरावे? मुलांची शाळा जूनमध्ये भरते. खोली सोडण्याचा निरोप जानेवारीत येतो.