हस्तलिखितावरचा शेरा

आमच्या तालुक्याच्या गावी 'ब' वर्गातले एक सार्वजनिक वाचनालय आहे आणि त्याच्या कार्यकारी मंडळावर गेली काही वर्षे, काम फारसे न करता, माझे नाव लागलेले आहे. गेल्या मार्गशीर्षात एका दुपारी, वर्तमानपत्रे चाळणारी मंडळी उठून गेल्यावर, पंचविशीतला एक शेतकरी तरुण सुतळीने बांधलेला गठ्ठा घेऊन आला, त्यातल्या दोन प्रती ग्रंथपालांच्या मेजावर ठेवल्या आणि संकोचाने म्हणाला, "सर, माझी कादंबरी आहे. वाचनालयाला भेट." उसाच्या बिलातली रक्कम बाजूला काढून त्याने ती जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका प्रकाशकाकडून छापवून घेतली होती, पाचशेपैकी साडेचारशे प्रती अद्याप त्याच्या घरी बियाण्याच्या पोत्यांशेजारी रचलेल्या होत्या.

मी ती कादंबरी घरी नेऊन वाचली. तिसाव्या पानावर नायकाच्या आईचे नाव पार्वती होते, नव्वदाव्या पानावर तीच बाई सुमन झाली होती, आणि शेवटच्या प्रकरणात नायक जिल्हाधिकारी होऊन गावी परतल्यावर तर मला पुस्तक मिटावेसे वाटले. परंतु मध्ये अठरा पाने विहीर खोदण्याची होती. काळा कातळ लागल्यावर खालच्या माणसांचे बोलणे कसे तुटक होत जाते, सुरुंगाला बत्ती देऊन यारीच्या दोराने वर आलेला गडी स्फोट होईपर्यंत ओठांतल्या ओठांत आकडे कसे मोजतो, आणि पाझर फुटल्याची वार्ता दिसण्याआधी ओल्या मुरमाच्या वासाने काठावर कशी पोहोचते, हे त्या मुलाने असे लिहिले होते, की चांगल्या चांगल्या नामांकितांनी हेवा करावा. मलपृष्ठावर प्रकाशकाने 'ग्रामीण जीवनाचे विदारक चित्रण' असे छापले होते. तथापि छपाईपूर्वी ते पुस्तक एकाही माणसाने अथपासून इतिपर्यंत वाचलेले नव्हते, ही गोष्ट पार्वतीची सुमन झाली तेथेच शाबीत होत होती.

मुंबई-पुण्याबाहेरच्या लेखकाला संधी नाही, ही तक्रार जुनी आहे आणि एके काळी ती अक्षरशः खरी होती. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात ग्रंथकार प्रथम एकत्र आले. पुढे १८८५ च्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले तेव्हा, जेथे आमच्या माणसांच्या हक्कांचा विचारच होत नाही त्या मेळ्यात आम्ही मिसळावे तरी कशाला, अशा आशयाचे पत्र लिहून त्यांनी ते साफ नाकारले. मध्यवर्ती साहित्यव्यवहार आणि त्याच्या कडेला उभा असलेला लेखक यांच्यातले अंतर हे असे पहिल्या दिवसापासूनचे आहे. ते कमी करण्यासाठी पुढल्या पिढ्यांनी जे कष्ट उपसले त्यांची मात्र आपण योग्य ती नोंद ठेवलेली नाही. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ ची. तिच्यामागून १९२३ साली विदर्भ साहित्य संघ उभा राहिला, १९३५ साली मुंबई मराठी साहित्य संघ, आणि १९४३ साली, निजामाच्या राज्यात, जेथे दरबार आणि विद्यालये या दोहोंचा कारभार उर्दूत चाले तेथे, मराठवाडा साहित्य परिषद. या संस्थांनी मिळून १९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापिले आणि त्याचे दप्तर दर तीन वर्षांनी एकीकडून दुसरीकडे जावे असा शिरस्ता ठेवला, यामागे सत्ता एका शहरात मुरू नये हाच हेतू होता. 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका', 'युगवाणी', 'प्रतिष्ठान' ही या संस्थांची नियतकालिके; कोकणाची स्वतंत्र परिषद १९९१ पासूनची.

सरकारचा हातही अगदीच आखडता राहिलेला नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, जिच्यामुळे ज्याचे एकही पुस्तक निघालेले नाही त्याचे पहिले पुस्तक निघू शकते. पुस्तकाला लागणारा आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमलेल्या ग्रंथालयांत पाठवाव्या लागतात. म्हणजे आमच्या तालुक्यातला कवी शेजारच्या तालुक्यात कोणाला ठाऊक नसला, तरी कायद्याने कोलकात्यास पोहोचलेला असतो! यात १९०९ च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेल्या दिवाळी अंकांची भर घातली, आणि संगणकावर अक्षरजुळणी करून पन्नास प्रतीही छापून देणारे छापखाने जमेस धरले, तर छापून येण्याची संधी आज पूर्वी कधी नव्हती इतकी सुलभ झालेली आहे, हे कबूल करावे लागते. दुर्मीळ झाला आहे तो छापण्यापूर्वी वाचणारा माणूस.

'सत्यकथा' मासिकाच्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांची कीर्ती, त्यांनी काय छापले याइतकीच, त्यांनी काय आणि कसे परत पाठविले यावर उभी होती. कथा साभार परत येई, पण तिच्यासोबत कोठे सूर सुटला आणि कोणते पात्र अद्याप जन्मलेच नाही, याची सविस्तर चिकित्सा येई. या दृष्टीला स्वतःची सीमा होती, आणि त्या सीमेबाहेर राहिलेल्यांचा क्षोभ इतका तीव्र होता की १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी त्या मासिकाचा अंक जाहीरपणे जाळला. तो क्षोभ मला अन्याय्य वाटत नाही. परंतु त्या रोषातून जी लघुनियतकालिके निघाली, अशोक शहाण्यांचे 'असो' काय किंवा तेव्हाच्या औरंगाबादेतून निघालेले 'वाचा' काय, त्यांनी संपादक नावाची संस्था मोडीत काढली नाही. त्यांनी वेगळे कान असलेला संपादक आणला. त्याच औरंगाबादेतून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालविले आणि गावोगावच्या मेळाव्यांत दलित लेखकांची एक पिढी एकमेकांचे लेखन ऐकत, तपासत वाढविली. धुळ्यासारख्या गावातून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ साली केवळ कवितेला वाहिलेले 'कविता-रती' सुरू केले आणि ते दशकानुदशके चालविले. या कामाला राजधानी लागत नाही, याचा याहून सबळ पुरावा मी तरी देऊ शकत नाही.

माझे म्हणणे असे, की आपल्या प्रादेशिक साहित्यसंस्थांनी आपल्या अंदाजपत्रकात हस्तलिखित वाचणाऱ्यासाठी एक स्वतंत्र रकाना उघडावा. शाखांच्या कार्यक्रमांत शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह यांवर जो खर्च होतो, त्याचा एक हिस्सा जरी वळविला तरी प्रत्येक जिल्ह्यामागे दोन-तीन मानधनी वाचक ठेवता येतील. त्यांच्याकडे आलेले लेखन तीन महिन्यांच्या मुदतीत लेखी शेऱ्यासह परत गेले पाहिजे; शेरा लेखकाच्या हाती पडला पाहिजे, नुसता मंजूर-नामंजूर असा हुकूम नव्हे. वाचक त्या बोलीचा जाणकार हवा, कारण अहिराणी वा वऱ्हाडी वाक्याची 'शुद्ध' मराठी करून देणारा संपादक हा मदतनीस नव्हे, उपद्रव होय. मात्र तो त्याच गावचा नसावा. आमच्या शाखेत ज्याचे हस्तलिखित येते त्याच्या बहिणीच्या लग्नात आम्ही सगळे जेवून आलेलो असतो, आणि लाडू खाल्लेल्या तोंडाने कोणाच्या गझलेला वाईट म्हणवत नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या ललितसंग्रहाला असेच प्रेम लाभले. आज ते पुस्तक घरी कोणी मागितले की मला ते सापडत नाही.

पैसा कोठून येणार, असे विचारले जाईल. बेळगाव भागात कडोली, उचगाव, बेळगुंदी यांसारखी खेडी, महाराष्ट्राबाहेर राहूनही, वर्षानुवर्षे आपापली मराठी साहित्य संमेलने भरवितात. ग्रंथदिंडी निघते, बायका अंगणात रांगोळ्या घालतात आणि खर्चाचा भार गावकरी आपल्या खांद्यांवर घेतात. जी खेडी परगावच्या वक्त्याचा पाहुणचार करू शकतात, त्यांना एका वाचकाचे मानधन जड जावे असे मला वाटत नाही. मांडवातल्या अध्यक्षाचे भाषण दिसते, ऐकू येते, त्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी छापून येते. खोलीत बसून कोणाच्या तरी वहीच्या समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा कोणालाच दिसत नाहीत, आणि खरी अडचण एवढीच आहे.

त्या तरुणाला मी वाचनालयात पुन्हा बोलाविले आणि बाकीची कादंबरी बाजूला ठेवून फक्त विहीर लिही, असे सांगितले. तो नाराज झाला. होणारच, साडेचारशे प्रती घरात होत्या. होळीच्या सुमारास मात्र तो वहीत लिहिलेली बावीस पाने घेऊन आला. आईचे नाव आता सगळीकडे पार्वती होते, जिल्हाधिकारी नाहीसा झाला होता आणि यारीवरच्या म्हाताऱ्याला एक खोकला मिळाला होता, जो पूर्वी नव्हता. आम्ही दोघांनी बसून पाने नीट लावली, एका नियतकालिकाचा पत्ता लिहिला आणि आत परतीचे, तिकीट लावलेले पाकीट घातले. ते दुसरे पाकीट हातात घेऊन तो म्हणाला, "सर, हे कशाला? परत येणार म्हणता का?"

"येईल बहुधा," मी म्हटले. "आले की शेरा काय आहे तो घेऊन ये."